एकहाती घड्याळ

जून २०२३मध्ये फिलिप्स या लिलावसंस्थेने न्यूयॉर्कमध्ये एक खिशातले घड्याळ विकले. किंमत आली ४९ लाख डॉलर. त्या वेळच्या दराने सुमारे ४० कोटी रुपये. ते कोणा राजाच्या किंवा सेनापतीच्या खिशातून आलेले नव्हते, हिऱ्यामाणकांनी मढवलेलेही नव्हते. रॉजर स्मिथ नावाच्या इंग्रज तरुणाने विशीत असताना, १९९०च्या दशकात, ते स्वतःच्या हाताने घडवले होते. आणि फुटपाथवर दोनशे रुपयांना मिळणारे बॅटरीवरचे घड्याळ त्याच्यापेक्षा अचूक वेळ दाखवते.

श्रीमंतांचे चोचले, असे म्हणून हा विषय दोन मिनिटांत संपवता येतो. त्यात तथ्य आहेच. पण तेवढ्यावर थांबलो तर या किमतीमागची एक मोठी गोष्ट नजरेतून सुटते. शंभर-दीडशे वर्षे कारखान्यांत तुकड्यातुकड्यांनी वाटली गेलेली एक विद्या गेल्या पन्नास वर्षांत काही मोजक्या माणसांनी पुन्हा एका टेबलावर आणली, आणि तीही नेमकी त्या विद्येची गरज संपली असे जगाने ठरवले तेव्हा. मी संग्राहक नाही; यातले एकही घड्याळ माझ्या ऐपतीतले नाही. मला ओढ आहे ती या विद्येच्या प्रवासाची. तो समजायचा तर आधी घड्याळाच्या पोटात शिरावे लागेल.

चावीपासून काट्यापर्यंत

अनेक मराठी घरांत कपाटाच्या खणात एखादे जुने एचएमटी पडलेले असते. ‘जनता’ किंवा ‘पायलट’. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरमध्ये एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि रोज सकाळी चावी देण्याची सवय या देशाच्या मध्यमवर्गाला लागली. ते घड्याळ आणि वर सांगितलेले ४० कोटींचे घड्याळ यांचे मूळ तत्त्व एकच आहे.

चावी दिली की पोलादाची एक लांब पट्टी डबीत गुंडाळली जाते. ही मेनस्प्रिंग. तिला उलगडायची घाई असते. ती घाई दातेरी चाकांच्या माळेतून पुढे जाते. मध्ये कोणी अडवले नाही तर पट्टी काही क्षणांत उलगडेल आणि काटे गरगर फिरून थांबतील. म्हणून माळेच्या शेवटी एक पहारेकरी बसवलेला असतो. तो एका वेळी एकच दाता सोडतो. याला म्हणतात एस्केपमेंट. आणि कधी सोडायचे हे त्याला सांगते ते तोलचक्र, म्हणजे बॅलन्स व्हील. केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर ते डावीउजवीकडे झुलत असते.

‘जनता’ घड्याळात हे चक्र तासाला १८,००० ठोके देते. म्हणजे सेकंदाला ५, दिवसाला ४,३२,०००, वर्षाला पंधरा कोटी ७६ लाखांहून जास्त. दिवसाला एक मिनिट चुकणारे घड्याळ आपण बिघडलेले समजतो, पण ती चूक हजारात एकाहूनही कमी असते. ज्या घड्याळांना स्वित्झर्लंडची अधिकृत क्रोनोमीटर संस्था प्रमाणपत्र देते, त्यांना दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढीच मुभा असते. तोलचक्राच्या झुलण्यात अगदी किंचित फरक पडला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. आणि तो फरक पाडणारा सर्वांत जुना वैरी आहे तेल.

तेलाचा प्रश्न

आज जवळजवळ सर्व यांत्रिक घड्याळांत जी लिव्हर एस्केपमेंट असते, ती १७५०च्या दशकात लंडनच्या थॉमस मज यांनी शोधली. तिच्यात एका छोट्या लिव्हरच्या दोन टोकांना माणकाचे दोन तुकडे बसवलेले असतात. चाकाचा दाता त्या माणकावर येऊन अडतो. तोलचक्र झुलत येऊन लिव्हर हलवते. दाता माणकाच्या उतरत्या तोंडावरून घसरत पुढे निघतो आणि जाताजाता लिव्हरमार्फत तोलचक्राला धक्का देतो. झोक्यावरच्या मुलाला आपण प्रत्येक फेरीला हलकेच ढकलतो, तसा.

अडचण आहे त्या घसरण्यात. जिथे घसरण तिथे घर्षण, आणि जिथे घर्षण तिथे तेल लागणारच. काही वर्षांत ते तेल घट्ट होते, पसरते, सुकते. मग धक्का कमी पडतो, तोलचक्राचा झोका लहान होतो आणि घड्याळ पुढेमागे होऊ लागते. घड्याळ ठरावीक वर्षांनी ‘सर्व्हिसिंगला’ द्यावे लागते त्याचे मुख्य कारण हे.

दाता न घसरता थेट तोलचक्रालाच ढकलेल अशी रचना माहीत नव्हती असे नाही. जहाजांवरच्या सागरी क्रोनोमीटरमध्ये ती होती. तिला डिटेंट एस्केपमेंट म्हणतात. तिच्या त्या जागी तेलाची गरज नसे. पण ती फेरीच्या एकाच बाजूला धक्का देते, आणि घड्याळाला हिसका बसला तर तिची कुलपासारखी पट्टी नको तेव्हा सुटते. पेटीत ठेवलेल्या घड्याळाला हे चालते; मनगटावर, दिवसभर हिसके खाणाऱ्या घड्याळाला चालत नाही. पॅरिसचे अब्राहम-लुई ब्रेगे, ज्यांनी १८०१ साली टूर्बियाँ या फिरत्या पिंजऱ्याचे पेटंट घेतले, त्यांनीही या प्रश्नावर डोके चालवले होते. त्यांना तो पुरता सुटला नाही, आणि पुढची पावणेदोनशे वर्षे उद्योगाने तेल बदलत राहण्यातच समाधान मानले.

आयल ऑफ मॅनचा माणूस

जॉर्ज डॅनियल्स यांचा जन्म १९२६चा, अत्यंत गरीब घरातला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि गादीच्या कारखान्यात काम सुरू झाले. महायुद्धाच्या अखेरीस सैन्यात गेले. परत आल्यावर घड्याळदुरुस्ती करू लागले आणि लंडनमध्ये रात्रीच्या वर्गांना बसून घड्याळशास्त्र शिकले. हळूहळू जुन्या, मौल्यवान घड्याळांची, विशेषतः ब्रेगे यांच्या घड्याळांची दुरुस्ती ही त्यांची खासियत झाली. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हात त्यांनी अशा रीतीने उघडून पाहिला. १९७५ साली ब्रेगे यांच्या कलेवर त्यांनी ग्रंथ लिहिला, पण त्याच्या आधीच, १९६९ साली, त्यांनी स्वतःचे पहिले घड्याळ पूर्ण केले होते. ते घेतले त्यांचे मित्र आणि घड्याळांचे जाणकार सॅम क्लटन यांनी.

१९६९ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला टोकियोत सायको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे जगातले पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. किंमत ४,५०,००० येन. विजेने थरथरणारा गारगोटीचा स्फटिक तोलचक्राच्या जागी आला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो इतका स्वस्त झाला की स्विस घड्याळ उद्योगातल्या सुमारे ९०,००० नोकऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश उरल्या. जुनी यंत्रे भंगारात गेली, शिकाऊ उमेदवारांची भरती थांबली. आपल्याकडेही गल्लीतल्या घड्याळवाल्याच्या डोळ्यावरचे भिंग हळूहळू उतरले आणि त्याच्या टेबलावर सेल बदलण्याचे काम तेवढे राहिले.

नेमक्या त्या काळात डॅनियल्स हाताने यांत्रिक घड्याळे करत बसले होते. क्वार्ट्झला उत्तर द्यायचे तर यांत्रिक घड्याळातला मूळ दोषच काढला पाहिजे, हा त्यांचा विचार. १९७०च्या दशकाच्या मध्यात त्यांनी को-अ‍ॅक्सियल एस्केपमेंट शोधली. नावाचा अर्थ सरळ आहे: एकाच आसावर दोन चाके, एक मोठे आणि एक लहान. तोलचक्र एका दिशेने झुलते तेव्हा मोठ्या चाकाचा दाता थेट तोलचक्रालाच ढकलतो. दुसऱ्या दिशेने झुलते तेव्हा लहान चाक लिव्हरमार्फत ढकलते. अडवण्याचे काम वेगळ्या माणकांकडे आणि ढकलण्याचे वेगळ्यांकडे. त्यामुळे दाता घसरत नाही. दार ढकलावे तसा टेकतो, ढकलतो आणि सुटतो. डिटेंटचा थेट धक्का आणि लिव्हरची सुरक्षितता, दोन्ही एकत्र आली. ढकलणाऱ्या त्या तोंडांवर तेल जवळजवळ लागेनासे झाले.

मग सुरू झाली ती दारे ठोठावण्याची वर्षे. डॅनियल्स स्विस कंपन्यांचीच घड्याळे घेऊन त्यांत आपली एस्केपमेंट बसवत आणि ती दाखवायला नेत. कौतुक होई, घड्याळ परत येई. अखेर ओमेगाने ती स्वीकारली आणि १९९९ साली तिची घड्याळे बाजारात आली. शोधापासून कारखान्यापर्यंतचे अंतर सुमारे पाव शतक. एकट्या माणसाने टेबलावर सोडवलेला प्रश्न आज ओमेगाच्या कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडतो आहे. ‘स्वतंत्र घड्याळकार म्हणजे केवळ जुन्याचे पूजक’ असे म्हणणाऱ्यांना एवढे एक उदाहरण पुरे आहे.

१९८२ साली डॅनियल्स इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन या बेटावर राहायला गेले. त्याच वर्षीचे त्यांचे प्रसिद्ध घड्याळ ‘स्पेस ट्रॅव्हलर’. चंद्रावरच्या स्वारीच्या सन्मानार्थ केलेले हे घड्याळ सौर वेळ आणि नाक्षत्र वेळ एकाच वेळी दाखवते. नाक्षत्र दिवस आपल्या दिवसाहून सुमारे ३ मिनिटे ५६ सेकंदांनी लहान. हा फरक केवळ दातेरी चाकांच्या हिशेबातून काढलेला. पहिले घड्याळ विकल्याची रुखरुख त्यांना इतकी लागली की त्यांनी स्वतःसाठी दुसरे केले आणि ते मरेपर्यंत जवळ ठेवले. डॅनियल्स २०११ साली गेले. पहिले ‘स्पेस ट्रॅव्हलर’ २०१९ साली लंडनला सदबीजच्या लिलावात सुमारे ३६ लाख पौंडांना गेले.

‘एकहाती’ म्हणजे काय?

हा शब्द फार सैल वापरला जातो, म्हणून थोडे नेमकेपणाने पाहू. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळ हे कधीच एका माणसाचे काम नव्हते. ज्युरा पर्वतातले शेतकरी बर्फाच्या दिवसांत घरी बसून कोणी फक्त स्क्रू, कोणी फक्त एखादे चाक करत. व्यापारी ते गोळा करून जुळवून घेई. कारखाने आल्यावर ही वाटणी आणखी बारीक झाली. चाळीस वर्षे घड्याळ उद्योगात घालवूनही पूर्ण घड्याळ करता न येणारा माणूस तिथे नवलाचा नव्हता.

डॅनियल्स यांनी ही वाटणी मोडली. धातू कापणे, दाते पाडणे, पोलादाला पाणी देणे, केस आणि काटे करणे, तबकडीवर नक्षीयंत्राने रेषा काढणे, अशी एकूण ३४ कौशल्ये घड्याळाला लागतात असा हिशेब त्यांच्या पद्धतीबद्दल सांगितला जातो, आणि त्यांतली जवळजवळ सगळी त्यांच्या एकट्याच्या हातात होती. १९८१ साली त्यांनी ही सगळी पद्धत ‘वॉचमेकिंग’ या ग्रंथात, आकृत्यांसह, काहीही हातचे न राखता लिहून ठेवली. आपल्याकडच्या कितीतरी विद्या ‘घराण्याबाहेर द्यायची नाही’ म्हणून घराण्याबरोबर संपल्या. त्या पार्श्वभूमीवर या ग्रंथाचे मोल मला घड्याळांपेक्षाही मोठे वाटते.

अर्थात प्रत्येक स्वतंत्र घड्याळकार ३४ कौशल्ये स्वतः करत नाही. पुष्कळ जण हेअरस्प्रिंग, मेनस्प्रिंग आणि माणके बाहेरून घेतात. काहींकडे पाच-दहा माणसे असतात, संगणकावर चालणारी यंत्रे असतात. स्वतंत्र याचा अर्थ इतकाच की घड्याळाची कल्पना, रचना आणि शेवटचा निकाल एका माणसाचा, मोठ्या उद्योगसमूहाचा नाही. १९८५ साली डेन्मार्कचे स्वेंड अँडरसन आणि इटलीचे व्हिन्सेंट कालाब्रेसे यांनी अशा घड्याळकारांची संघटना काढली. क्वार्ट्झच्या लाटेत मोठमोठे कारखाने बुडत असताना काही एकांड्या कारागिरांनी एकत्र येऊन आपण आहोत असे सांगितले, हे धाडसच म्हणायचे.

आता सुरुवातीच्या घड्याळाकडे. रॉजर स्मिथ मँचेस्टरला घड्याळशास्त्र शिकत असताना डॅनियल्स एकदा त्या शाळेत आले होते. त्या भेटीने भारावून स्मिथ यांनी डॅनियल्सचा ग्रंथ समोर ठेवून दीड वर्ष खपून एक टूर्बियाँ घड्याळ केले आणि ते दाखवायला बेटावर नेले. डॅनियल्स यांनी ते नापसंत केले. त्यांची तक्रार विलक्षण होती: हे घड्याळ हाताने केलेले दिसते आहे. त्यांच्या मते चांगल्या कामावर हाताची खूण राहता कामा नये. ते जणू आपोआप उगवले असे वाटले पाहिजे. स्मिथ परतले आणि पाच वर्षांहून अधिक काळ दुसऱ्या घड्याळावर घालवला. टूर्बियाँ, डिटेंट एस्केपमेंट आणि लीप वर्षाचाही हिशेब स्वतः ठेवणारे पंचांग. भाग केले, मोडले, पुन्हा केले. या वेळी डॅनियल्स यांनी पसंतीची मान हलवली, आणि पुढे आपल्या को-अ‍ॅक्सियल मनगटी घड्याळांच्या मालिकेवर काम करायला त्यांना बेटावर बोलावून घेतले. ४९ लाख डॉलरला गेले ते हे दुसरे घड्याळ. स्मिथ आज त्याच बेटावर मनगटी घड्याळे करतात. वर्षाला डझनाच्या आसपास.

न दिसणाऱ्या बाजूचे काम

डॅनियल्स यांचा भर रचनेवर, तर स्वित्झर्लंडच्या व्हॅले द झू या खोऱ्यातले फिलिप द्युफूर यांचा भर शेवटच्या हातावर. १९४८ साली जन्मलेल्या द्युफूर यांनी १९९२ साली तास आणि पाव तास आपोआप वाजवणारे मनगटी घड्याळ केले. १९९६ साली दोन तोलचक्रांचे ‘ड्युअ‍ॅलिटी’ आले. पण त्यांची खरी ओळख झाली २०००च्या ‘सिम्प्लिसिटी’ने. त्यात तास, मिनिट आणि छोटा सेकंदकाटा, एवढेच. आपल्या एचएमटीत असते तेवढेच.

मग वेगळे काय? मागचे झाकण काढून भिंगातून पाहावे. पट्ट्यांच्या प्रत्येक कडेला ४५ अंशांच्या आसपासचा उतार पाडून तो आरशासारखा चकचकीत केलेला असतो. ज्युरात वाढणाऱ्या जेन्शियन या वनस्पतीचा वाळलेला दांडा आणि पॉलिशची पेस्ट घेऊन ही कड घासतात. जिथे दोन कडा आतल्या बाजूला मिळतात तिथे तीक्ष्ण कोन काढावा लागतो. फिरते यंत्र तिथे गोलाई सोडते, तो कोन हातानेच निघतो. पोलादाचे भाग सपाट पत्र्यावर हिऱ्याच्या भुकटीने असे घासतात की एका कोनातून ते पांढरे आणि दुसऱ्या कोनातून काळेभोर दिसतात. या सगळ्याचा वेळ दाखवण्याशी संबंध फार थोडा. धारा आणि खरखर जाऊन गंज व कणांचा त्रास कमी होतो, एवढाच. बाकीचे सगळे काम कारागिराने स्वतःशी केलेल्या करारापोटी असते. देवळाच्या शिखरावर, जिथे कोणाची नजर पोचणार नाही तिथेही मूर्तीची बोटे कोरणाऱ्या पाथरवटाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

पैसा कोणाचा, घड्याळ कोणाचे?

एक घड्याळ करायला महिने, कधी वर्षे लागतात. तोवर खायचे काय? याला ब्रेगे यांनीच अठराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर काढले होते. फक्त तासकाटा असलेले साधे घड्याळ, आणि नोंदणी करताना किमतीचा चौथा भाग आगाऊ. दोनशे वर्षांनी, १९९९ साली, मार्सेयचे फ्रान्स्वा-पॉल जुर्न यांनी हीच युक्ती वापरली. आपली पहिली २० टूर्बियाँ मनगटी घड्याळे त्यांनी आगाऊ नोंदणीवर दिली आणि त्या पैशातून कारखाना उभा केला. विश्वास ठेवणारे वीस गिऱ्हाईक नसते तर आजचा त्यांचा बोलबाला नसता.

पुढे चित्र पालटले. २०२० साली द्युफूर यांच्या ‘सिम्प्लिसिटी’च्या विसाव्या वर्षानिमित्त काढलेल्या मालिकेतले एक घड्याळ लिलावात सुमारे १३ लाख ६० हजार स्विस फ्रँकला गेले. जुनी घड्याळे पुन्हा विकली जाताना मूळ किमतीच्या कैक पट मिळू लागली. आणि इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: दुसऱ्यांदा विकल्या गेलेल्या घड्याळाचा नफा विकणाऱ्याच्या खिशात जातो, करणाऱ्याच्या नाही. कारागिराला मिळते ती नव्या गिऱ्हाइकांची रांग. त्या रांगेत घड्याळ घालणारा कोण आणि सहा महिन्यांत विकणारा कोण, हे ओळखण्याचे नवे काम त्याच्या मागे लागते. बंद तिजोरीत ठेवलेले यांत्रिक घड्याळ दीड-दोन दिवसांत थांबते. ठोक्यांसाठी इतके कष्ट घेतलेली वस्तू जास्तीत जास्त काळ मुकी राहावी, हा या बाजाराचा सगळ्यात विचित्र परिणाम आहे.

तरीही किमतीला केवळ दोष देऊन चालणार नाही. या पैशामुळेच विशीतली मुले पुन्हा लेथसमोर बसू लागली. कोसोव्होतून युद्धाच्या काळात लहानपणी जिनिव्हात आलेले रेक्झेप रेक्झेपी पंधराव्या वर्षी उमेदवारीला लागले आणि पंचविशीत त्यांनी स्वतःचे नाव उभे केले. जपानचे हाजिमे असाओका मूळचे डिझायनर. घड्याळशाळेची पायरी न चढता स्वतः शिकून त्यांनी टूर्बियाँ केली. बाजार नसता तर ही माणसे आणखी कुठेतरी गेली असती.

शिकवणीचे घड्याळ

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक प्रयोग. द्युफूर आणि त्यांचे सहकारी घड्याळकार रॉबर्ट ग्रोबेल व स्टीफन फॉर्सी यांनी ठरवले की हाताने घड्याळ करण्याची पूर्ण पद्धत एका माणसाला शिकवायची, आणि तो माणूस शिक्षकच असला पाहिजे. पॅरिसच्या घड्याळशाळेतले मिशेल बुलांजे यांची निवड झाली. संगणकावरची यंत्रे वापरायची नाहीत, जुन्या हातयंत्रांवर प्रत्येक भाग करायचा, आणि प्रत्येक पायरीची नोंद ठेवायची. नमुन्याचे पहिले घड्याळ २०१६ साली क्रिस्टीजच्या हाँगकाँगच्या लिलावात १४ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. विकत घेणाऱ्याला घड्याळ मिळाले. नोंदी आणि शिकलेला शिक्षक मात्र शाळेला मिळाले.

डिसेंबर २०२०मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या ज्युरा पट्ट्यातल्या यांत्रिक घड्याळविद्येला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. ‘अमूर्त’ हा शब्द अचूक आहे. घड्याळ मूर्त असते, ते संग्रहालयात ठेवता येते. ते करणारा हात तसा ठेवता येत नाही; तो दुसऱ्या हाताला शिकवावाच लागतो. भारत सरकारने जानेवारी २०१६मध्ये एचएमटीचा घड्याळविभाग बंद करण्याला मंजुरी दिली, तेव्हा वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती तोट्याच्या आकड्यांची आणि जुन्या आठवणींची. त्या कारखान्यात दाते पाडणाऱ्या, तोलचक्र जुळवणाऱ्या माणसांना काय येत होते आणि ते कोणी लिहून घेतले का, हे विचारलेले माझ्या तरी वाचनात आले नाही.

खणातल्या त्या जुन्या ‘जनता’ला चावी देऊन पाहायला हरकत नाही. तेल सुकले असेल, तर ते चालणार नाही किंवा दिवसाला दहा मिनिटे मागे पडेल. अशा वेळी ते उघडून, साफ करून, नव्या तेलाचा नेमका थेंब नेमक्या माणकावर ठेवणारा माणूस तुमच्या गावात अजून असेल, तर त्याच्याकडे जा. आणि त्याच्याजवळ कोणी शिकायला बसते का, तेही विचारा.